हेड बसवल्यापासून गाडी उभ्याने थरथरते

घाटवाला: सहा सिलिंडरची जुनी दहाटायर ट्रक, डिझेलचा पंप साधा मेकॅनिकल. खंबाटकीत तापली म्हणून हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलं, त्याखालचं गॅस्केट बदललं. आता आयडलिंगला अशी थरथरते की डॅशबोर्डवरचा गणपती नाचतो. रेस दिली की सरळ. सकाळी पांढरा धूर, डोळे चुरचुरतात. मिस्त्री म्हणतो, 'चालवा, बसेल आपोआप.' खरंच बसेल का?

जुना फिटर: नाही बसणार. मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाहीये. आधी हँडपंप मारून डिझेल लाइनमधली एअर काढा. मग आयडलिंगला ठेवून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या पाइपांचे नट एकेक करून अर्धा आटा सैल करा, परत आवळा. ज्या नटाला आवाज बदलणार नाही तो सिलिंडर मेलेला. नटावर फडकं टाका, उडणाऱ्या डिझेलपुढे हात नको.

बीएसफोर: हे फक्त साध्या पंपाला हं! कॉमन रेलमध्ये, म्हणजे नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल सिस्टिममध्ये, प्रेशर १००० बारच्या वर जातं, डिझेल कातडीत घुसतं. तिथे स्कॅनरच लावायचा.

घाटवाला: चौथ्याला काहीच फरक नाही. नोजल काढलं तर खाली तांब्याचे दोन वॉशर! जुना चिकटून राहिलेला, त्यावरच नवा ठोकलाय.

जुना फिटर: घ्या! नोजल वर राहिलं, फवारा चुकला. सीट घासून एकच नवा वॉशर टाका. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा. हेड उतरवलं की ते पुन्हा लावावेच लागतात.

घाटवाला: चौथ्याचं एक्झॉस्ट टॅपेटही घट्ट निघालं, फट मोजायच्या फिलर गेजची पत्ती शिरेना. दोन्ही केलं. गणपती स्थिर. मिस्त्रीचे राहिलेले पंधराशे मात्र अजून खिशातच आहेत.