मदत हवी आहे: गच्चीतली अंबाडी फुलत नाही, आणि शेजारी म्हणतात हा गांजा आहे

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. उत्तर जरा लवकर हवंय, रविवारी सोसायटीची बैठक आहे.

आमचं मूळ गाव जत तालुक्यात. आण्णा ज्वारीच्या कडेनं अंबाडी लावायचे. कोवळा पाला भाजीला, आणि उरलेले सोट ओढ्याच्या डोहात कुजत घालायचे. मग वाख, म्हणजे सोटाच्या सालीचे धागे, सोलून, धुऊन, वाळवून दावी वळायची. बेंदराला बैलांच्या गळ्यात घरचंच दावं असायचं. आण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा त्यांची पेटी आवरताना कापडात बांधलेलं मूठभर बी सापडलं. मृग निघाल्यावर सगळंच पेरलं, थोडं मागं ठेवायला हवं होतं. उगवली फक्त सहा रोपं. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावलीत, माझ्यापेक्षा दीड हात उंच झालीत.

कोजागिरी झाली तरी पाच झाडांना कळीसुद्धा नाही. सहावं पाण्याच्या टाकीमागे आहे, सगळ्यांत खुजं, पण त्याला कळ्या दिसतात. माती, शेणखत, पाणी सगळ्यांना सारखंच. बी धरलं नाही तर आण्णांचं हे वाण माझ्या हातून संपेल.

दुसरी अडचण म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. पानं हाताच्या बोटांसारखी फाटलेली बघून ते म्हणाले, हा गांजा आहे, उपटा नाहीतर तक्रार करतो. मी भाजी करून दिली, तरी पटलं नाही. फूल नसताना ओळख कशी पटवायची? आणि तक्रार झालीच तर मला काही त्रास होईल का?

प्रतिसाद १
ताई, उपटू नका. काकांची चूक समजण्यासारखी आहे. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी दिसणारी. पण ती भेंडी, कापूस, जास्वंदीच्या कुळातली. गांजाचं कूळच वेगळं.
काकांना झाडाजवळ न्या आणि एक पान हातात द्या. गांजाच्या पानाची पाती देठापासून सुटी असतात. अंबाडीचं पान एकच, खोल चिरलेलं, बुडाशी जोडलेलं. खोडावर बारीक काटे असतात, बोट फिरवलं की टोचतात. गांजाला काटे नसतात, आणि त्याचा पाला चोळला की उग्र, चिकट वास येतो. बुंध्याजवळची जुनी पानं शिल्लक असतील तर तीही दाखवा. ती न चिरलेली, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची असतात.
कायद्याचं म्हणाल तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा गांजाच्या झाडाला लागतो. ते घरात कुंडीत लावणंही गुन्हाच आहे, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून काका घाबरले असतील, तर त्यांच्यावर रागावू नका. अंबाडी त्या कायद्यात येतच नाही. बैठकीत लपवाछपवी न करता स्वतःच विषय काढा.

प्रतिसाद २
फुलाचं सांगतो. गच्चीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का?

धागाकर्ती
हो! जुलैत समोरच्या खांबावर पांढरा एलईडी बसवला. पाच बादल्या त्याच बाजूला आहेत. टाकीमागे उजेड पोचत नाही.

प्रतिसाद २
मग कारण तेच. अंबाडी दिवस लहान व्हायला लागले की फुलते, आणि त्यासाठी तिला रात्रभर सलग अंधार लागतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तेव्हा ती नुसती वाढते. दसऱ्याच्या सुमारास रात्र पुरेशी मोठी होते. तुमच्या पाच झाडांना मात्र रात्र झालीय हे कळलेलंच नाही. बादल्या आजच टाकीमागे सरकवा. जागा नसेल तर दिवे लागण्यापूर्वी काळं जाड कापड पांघरा आणि सकाळी उजाडल्यावर काढा, एकही रात्र न चुकवता. शेणखत आता थांबवा, नाहीतर पालाच वाढेल.
एक लक्षात ठेवा. चांगला वाख हवा असेल तर फुलावर असताना कापावी लागते. बियांसाठी ठेवली की वाख जाड आणि राठ होतो. यंदा दाव्याचा विचार सोडा, सहाही झाडं बियांना ठेवा.

धागाकर्ती
तीन बादल्या मागे नेल्या, दोन झाकते आहे. आणि आज सकाळी टाकीमागच्या झाडाला पहिलं फूल आलं. फिकट पिवळं, मधोमध गडद तांबडं, अगदी भेंडीसारखं. दुपारी मिटतं म्हणून काकांना आठलाच वर बोलावलं. त्यांनी खोडावरून बोट फिरवलं, बराच वेळ फूल बघत राहिले, मग म्हणाले, त्यांची आई या पाल्यात कण्या घालायची. तक्रार करणार नाहीत.
आता एवढंच सांगा, बोंडं झाडावरच वाळू द्यायची की बी सांडण्याआधी काढायची?