टी.वाय. बीएस्सी बायोकेमिस्ट्री: सगळं पाठ आहे, पण लॅक ऑपेरॉनचा प्रश्न सुटत नाही

सुरसागरकाठी
नमस्कार. मी बडोद्यात टी.वाय.ला आहे. घरी मराठी, बारावीपर्यंत गुजराती माध्यम आणि आता सगळं इंग्रजीत. पहिली दोन वर्षं पाठांतरावर निघाली. ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्या एन्झाइमांच्या नावांसकट झोपेतून उठवलं तरी सांगेन.

गेल्या आठवड्यात टेस्ट होती. प्रश्न असा: ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत लॅक ऑपेरॉनच्या, म्हणजे लॅक्टोज पचवण्यासाठी एकत्र चालू-बंद होणाऱ्या जीनच्या गटाच्या, दोन प्रती आहेत, एक तिच्या स्वतःच्या डीएनएवर आणि दुसरी एफ-प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वेगळ्या छोट्या वर्तुळावर. पहिल्या प्रतीत आय जीन चांगला, ऑपरेटर ‘ओ-सी’ म्हणजे बिघडलेला, आणि झेड जीन निकामी. दुसऱ्या प्रतीत तिन्ही चांगले. लॅक्टोज नसताना चालू स्थितीतलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे झेड जीनपासून बनणारं, लॅक्टोज तोडणारं एन्झाइम, बनेल का?

मी लिहिलं, बनेल, कारण ओ-सी म्हणजे ऑपेरॉन कायम चालू. शून्य मिळालं. ‘कायम चालू’ हे शब्द पुस्तकात तसेच्या तसे आहेत, मी तीनदा पाहिले. मॅडमनी समासात फक्त ‘सिस’ लिहिलंय. मला सिसची व्याख्या येते, ट्रान्सचीही येते. येत असून चुकते, याचं फार वाईट वाटतंय. असे प्रश्न येणारी मुलं अभ्यास नेमका कसा करतात?

रावपुऱ्याचा दादा
तुझी चूक मी अगदी अशीच केली होती, म्हणून लगेच लिहितोय. आता औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, पण हा प्रश्न विसरलेलो नाही.

इंग्रजी क्षणभर बाजूला ठेव. एक वाडा धर, त्यात दोन खोल्या. आय जीनपासून बनणारा रिप्रेसर म्हणजे पहारेकरी. तो प्रोटीन आहे, पेशीभर फिरतो, दोन्ही दारांशी जाऊ शकतो. याला म्हणायचं ट्रान्स. ऑपरेटर म्हणजे दाराची कडी. कडी त्या एका दाराला ठोकलेली असते, उठून शेजारच्या दाराला जात नाही. हे सिस. आणि झेड म्हणजे खोलीत बसलेला कारागीर.

आता तुझा प्रश्न. पहिल्या दाराची कडी तुटली आहे, पहारेकरी कितीही चांगला असो, ते दार उघडंच राहणार. पण आत बघ, झेड निकामी आहे, कारागीरच नाही! कारागीर दुसऱ्या खोलीत आहे आणि तिथली कडी शाबूत आहे, म्हणून पहारेकरी ते दार लावून बसला आहे. लॅक्टोज नसताना एन्झाइम बनणार नाही. लॅक्टोज आल्यावर बनेल.

पुस्तकातलं वाक्य चूक नाही. फक्त ‘कायम चालू’ कोण, हे तू विचारलं नाहीस. त्या कडीला जोडलेले जीन, आणि तेवढेच. अशा प्रश्नात आधी कागदावर दोन आडव्या रेघा ओढायच्या, प्रत्येकीवर आय, ओ, झेड मांडायचे, मग प्रत्येक झेडपाशी जाऊन विचारायचं: तुझ्या दाराची कडी कशी आहे? मी ही सवय लावली तेव्हा जेनेटिक्सची भीती गेली.

फतेगंजची आत्या
दादांचा वाडा छान आहे. मी एक जोडते. मी बीएस्सीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते, आणि मला वाटतं खरी अडचण लॅक ऑपेरॉनपुरती नाही. आपण निष्कर्ष वाचतो, प्रयोग वाचत नाही.

मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग घे. ‘डीएनएची प्रत सेमीकॉन्झर्व्हेटिव्ह पद्धतीने बनते’, म्हणजे प्रत्येक प्रतीत एक साखळी जुनी आणि एक नवी, हे तुला पाठ असणार. पुस्तक मिट. जड नायट्रोजनवर, म्हणजे एन-१५ वर वाढवलेले जिवाणू हलक्या एन-१४ वर आणले, मग त्यांचा डीएनए नळीत वेगाने फिरवला, की जड पट्टा खाली आणि हलका वर थांबतो. मूळ डीएनए जसाच्या तसा राहून शेजारी पूर्ण नवा बनत असता, तर एका पिढीनंतर नळीत कोणते पट्टे दिसले असते? एक जड, एक हलका. प्रत्यक्षात मधला एकच दिसला. ती कल्पना तिथेच संपली. पण जुने-नवे तुकडे मिसळून दोन्ही साखळ्या बनतात, ही कल्पना अजून जिवंत आहे, कारण तिच्यातही पहिल्या पिढीत मधला एकच पट्टा येतो. ती दुसऱ्या पिढीत पडते: अर्धा डीएनए मधल्या पट्ट्यात, अर्धा हलक्या. तुकड्यांची कल्पना खरी असती तर एकच पट्टा थोडा वर सरकलेला दिसला असता.

कुठली कल्पना कुठल्या नळीत पडली, हे स्वतःच्या हाताने काढ. एका प्रयोगाला संध्याकाळ गेली तरी जाऊ दे. दहा प्रकरणं रंगीत पेनाने अधोरेखित करण्यापेक्षा मला ती संध्याकाळ मोलाची वाटते.

आणि बाळा, माध्यमाचं आणि उशिराचं दडपण घेऊ नकोस. वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये आपल्याच सयाजीराव विद्यापीठातून बीएस्सी केलं, तेही फिजिक्समध्ये. अमेरिकेत फिजिक्सची पीएचडी झाल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन बायॉलॉजी शिकायला बसले. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेवरच्या कामासाठी मिळालं, स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर.

सुरसागरकाठी
दादा, आत्या, खूप आभार. काल रात्री आजीला वाडा समजावला. तिने विचारलं, “पहारेकरीच बहिरा असला तर?” मी दचकले, कारण तो प्रकार खरंच पुस्तकात आहे: आय-एस, सुपर-रिप्रेसर! लॅक्टोजपासून बनणारं अ‍ॅलोलॅक्टोज त्याला चिकटतच नाही, म्हणून तो ऑपरेटर सोडत नाही. मग मी दोन रेघा ओढल्या. एका प्रतीत आय-एस, दुसरीत चांगला आय, दोन्हीकडे ओ आणि झेड चांगले. बहिरा पहारेकरी दोन्ही दारं लावून बसणार, म्हणून लॅक्टोज असो नसो, एन्झाइम नाही. पण बहिऱ्याच्याच प्रतीत ओ-सी असेल आणि तिथला झेड चांगला असेल, तर कडीच नाही, म्हणून कायम बनणार. बरोबर का?

रावपुऱ्याचा दादा
दोन्ही बरोबर. आता ग्लुकोज पण घाल आणि कॅप प्रोटीनला, म्हणजे ग्लुकोज कमी असताना ऑपेरॉनला जोर देणाऱ्या प्रोटीनला, वाड्यात जागा दे. उद्या रात्री बघतो. आजींना नमस्कार सांग.