तल्लफ नाही म्हणणाऱ्याच्या मेंदूत ईईजीला ती दिसते का?

अबोली_२३
मानसशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी तंबाखू सोडलेल्या व्यक्तींचा अभ्यास करणार आहे. महाविद्यालयात ३२ चॅनेलचे ईईजी यंत्र आहे, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत संकेत नोंदवणारे यंत्र. एमआरआयचा प्रश्नच उद्भवत नाही. तंबाखू मळणारे हात, चुन्याची डबी, फोडलेली पुडी अशी छायाचित्रे दाखवून मेंदूचा प्रतिसाद नोंदवायचा, अशी योजना आहे. पूर्वचाचणीत एक पेच उभा राहिला. दीड महिन्यापूर्वी तंबाखू सोडलेल्या एका काकांनी शून्य ते दहाच्या पट्टीवर तल्लफ ‘एक’ सांगितली. परंतु तंबाखूच्या चित्रांना त्यांचा प्रतिसाद साध्या चित्रांच्या मानाने बराच मोठा आला. काका संकोचाने कमी सांगत असावेत, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. अशा वेळी तोंडी उत्तर बाजूला ठेवून ईईजीवर विसंबावे का?

दूरचा_दिवा
काकांना इतक्यात खोटे ठरवू नये. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक रीटा गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कोकेनच्या बाबतीत नेमकी हीच फारकत दाखवून दिली आहे. व्यसन थांबवून दोन दिवस, एक आठवडा, एक महिना, सहा महिने आणि एक वर्ष झालेल्या ७६ जणांना त्यांनी कोकेनची चित्रे दाखवली. तोंडी सांगितलेली तल्लफ काळाबरोबर उतरत गेलेली दिसली. ‘लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल’, म्हणजे एलपीपी, हा ईईजीतील संकेत मात्र एक आणि सहा महिन्यांच्या गटांत सुरुवातीच्या गटांपेक्षा मोठा होता आणि वर्षाच्या गटात पुन्हा खाली आला. प्रत्येक गटातली माणसे वेगळी होती, त्यामुळे हा चढउतार एकाच माणसाचा म्हणून वाचता येत नाही. तरी उंदरांवरील २००१ च्या प्रयोगांशी तो जुळतो. तेथेही कोकेन बंद केल्यानंतरच्या दोन महिन्यांत खुणांना मिळणारा प्रतिसाद वाढत गेला होता. इंग्रजीत यासाठी ‘इनक्युबेशन’ हा अंडी उबवण्याचा शब्द वापरतात. मला आपले ‘मुरणे’ अधिक चपखल वाटते.

आता एलपीपी काय सांगतो ते पाहा. चित्र दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मध्य-मागील भागावर तो चढू लागतो आणि त्या चित्राने लक्ष किती धरून ठेवले, एवढेच दाखवतो. अपघाताच्या भीषण चित्रालाही तो मोठा येतो, आणि अपघात कोणाला हवा असतो? चित्र मनात रुतले आणि ते हवेसे वाटले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ओढीशी निगडित असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग मेंदूत इतका खोल असतो की डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला तो भरवशाने टिपता येत नाही. २०२३ मध्ये कोबान, वेगर आणि कोबर या संशोधकांनी तल्लफेचा जो मेंदूठसा, म्हणजे तल्लफ ओळखू देणारा मेंदूच्या हालचालीचा नमुना, प्रसिद्ध केला, त्यासाठी म्हणूनच एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे काम टिपणारे एमआरआय, लागले. आणि तो ठसा अन्नाच्या ओढीचाही अंदाज देतो, हे विसरू नये. तेव्हा दोन्ही मापे ठेवा आणि त्यांच्यातील अंतर हाच प्रबंधाचा विषय करा.

सोल्डरगन
वरील विवेचन मान्य आहे, परंतु ती लाट मेंदूचीच होती याची आधी खात्री करा. तंबाखूचे चित्र दिसले की तोंडाला पाणी सुटते, माणूस आवंढा गिळतो आणि जीभ आपसूक खालच्या ओठामागे, जेथे वर्षानुवर्षे बार धरला तेथे जाते. जिभेचे टोक आणि मूळ यांच्यात विद्युतभाराचा फरक असल्यामुळे तिची हालचाल ईईजीत संथ लाटेसारखी उमटते. एलपीपी जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, तेव्हा ही सरमिसळ सहज खपून जाते. पुष्कळ फेऱ्यांची, म्हणजे चित्र दाखवण्याच्या अनेक वेळांची, सरासरी काढूनही ती जात नाही, कारण गिळणे तंबाखूच्याच चित्रांना होते. हनुवटीखाली एक जादा इलेक्ट्रोड लावा. तुलनेसाठी फुले-खुर्च्या न घेता कणीक मळणारे हात आणि तळहातावरची बडीशेप घ्या, म्हणजे हातांची हालचाल दोन्हीकडे सारखी राहील. आणि डोक्याला तेल लावून येऊ नका, असे आदल्या दिवशीच फोनवर सांगा. आमची एक अख्खी सकाळ खोबरेल तेलापायी वाया गेली आहे.

वळचण
मी व्यसनमुक्ती समुपदेशक आहे. ‘तल्लफ किती?’ असे विचारल्यास आमच्याकडे बहुतेक पुरुष ‘एकदा सोडली म्हणजे सोडली’ असेच उत्तर देतात. त्यांच्या लेखी तो शपथेचा प्रश्न असतो, त्यामुळे आकडा कमीच येणार. त्याऐवजी ‘आज जेवणानंतर हात खिशाकडे गेला का?’ असे विचारून पाहा. चित्रांपेक्षा मळून झाल्यावर चुना उडवायला मारलेली थाप माणसाला अधिक अस्वस्थ करते, असा माझा अनुभव आहे. तो आवाज प्रयोगात घेता आला तर पाहा.

दोन गोष्टींचा आग्रह धरते. एका व्यक्तीचा आलेख पाहून ‘अजून सुटलेली नाही’ असा निष्कर्ष काढून तो घरच्यांच्या कानावर घालू नका. एका माणसाविषयी असे ठरवण्याची त्या मापाची कुवत नाही. आणि साठ चित्रे दाखवून झाल्यावर त्यांना लगेच निरोप देऊ नका. अर्धा तास बसवा, चहा द्या, गप्पा मारा. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टपरी असतेच.

अबोली_२३
सर्वांची आभारी आहे. काल काकांच्या नोंदी पुन्हा उघडल्या. कानांजवळच्या चॅनेलवर स्नायूंची खरखर दिसणाऱ्या फेऱ्या वगळल्यावर दोन प्रकारच्या चित्रांतील फरक निम्म्यावर आला, पण नाहीसा झाला नाही. थापेचा आवाज मी वेगळ्या सत्रात घेईन, कारण आवाजाला मेंदूचा प्रतिसाद वेगळ्या घाटाचा येतो आणि तो चित्रांच्या प्रतिसादात मिसळणे बरे नव्हे. सोल्डरगन यांना एक विचारायचे होते: काकांना भरघोस दाढी आहे आणि ती काढायला ते राजी नाहीत. हनुवटीखालचा इलेक्ट्रोड अशा वेळी कोठे बसवावा?