बाबांचा कॅमेरा, मोटारसायकल आणि आमची काळजी

ब-१०४ : आदरणीय काका, नमस्कार. माझे वडील ३० जूनला निवृत्त होत असून, आपल्याप्रमाणे मोटारसायकलवरून फिरत छायाचित्रण शिकावे असा त्यांचा मनोदय आहे. त्यांचे वय ५८ आहे आणि आईला व मला काळजी वाटते. कॅमेरा कोणता घ्यावा, आणि मोटारसायकलच कशासाठी, कारने जाता येणार नाही का, याविषयी आपण मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अ-३०२ : नमस्कार. पाटबंधारे खात्यात असताना चौतीस वर्षे मी जीपमधून हाच सातारा जिल्हा फिरलो, पण चालकाला थांबायला सांगेपर्यंत पाहण्यासारखे ते वळण मागे पडलेले असे. यवतेश्वरच्या वरच्या रस्त्यावर ढग क्षणभर बाजूला सरकतात, खाली कण्हेर धरणाचे पाणी उघडे पडते आणि पुन्हा झाकले जाते. तेवढ्या वेळात कडेला उभी करता येते ती मोटारसायकलच, म्हणून मी तिच्यावरून फिरतो.

कॅमेरा महागडा नको, परंतु त्याचा पडदा (स्क्रीन) बाहेर वळवता येणारा असावा, हे मी आग्रहाने सांगेन. कास पठाराच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे, त्यामुळे गेंद, सीतेची आसवे यांसारखी फुले जेमतेम वीतभर उंच वाढतात. (मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे बारीक कीटक पकडून ती उणीव भरून काढते, हे कळल्यापासून मी त्या निळ्या फुलाकडे अधिक आदराने पाहतो.) फुलाच्या उंचीवर उतरल्याशिवाय चांगले चित्र मिळत नाही आणि आपल्या वयाचे गुडघे दर वेळी साथ देत नाहीत, वळता पडदा असला की कॅमेरा जमिनीलगत धरून वरून पाहता येते. मात्र पायवाट सोडून फुलांत एक पाऊलही टाकू नये. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे बाबांनी सतत ध्यानात ठेवावे.

क-२०१ : भाऊजी, पावसाचे काय? आमच्याकडील जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी आली होती.

अ-३०२ : वहिनी, माझेही पहिले भिंग तसेच गेले, कारण पावसाळाभर मी ते चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले होते. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. प्रवासात कॅमेरा मागच्या कॅरिअरला बांधू नये, फोमच्या पिशवीत घालून पाठीवर घ्यावा. मोबाइल हँडलवर लावून नेणाऱ्यांनीही जपावे. इंजिनाच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण आणि फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता.

ब-१०४ : आणि एकटे जाण्याचे, काका?

अ-३०२ : निघताना कुठे जातो ते घरी लिहून ठेवतो, हेल्मेट घालतो, आणि दाट धुके असेल तर घाटात शिरत नाही. दिवस मावळण्याआधी घरी. एवढे पाळले जात असेल, तर बाबांना अडवू नये.

सुरुवात मात्र कासपासून नको, तिथला बहर ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे असतो. आधी लिंब गावची बारामोटेची विहीर घ्यावी. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या अष्टकोनी विहिरीतच एक छोटा महाल आहे. पायऱ्या उतरल्या की महाल काळोखात असतो आणि वर आभाळ झगझगीत. एक सांभाळावे तर दुसरे बिघडते. मी तिथे सात वेळा गेलो, तेव्हा उमगले की ढगाळ सकाळीच दोन्ही एका चौकटीत नीट बसतात. एकाच जागी पुन्हापुन्हा जाण्याला आपल्याकडे निवृत्तीनंतरच सवड असते आणि मला या छंदात तेच सर्वांत मोलाचे वाटते.

रविवारी सकाळी साडेसहाला मी लिंबला निघणार आहे. बाबांनी अवश्य यावे, आणि विकत घेण्यापूर्वी माझाच कॅमेरा हाताळून पाहावा.

ब-१०४ : मनःपूर्वक आभार, काका. बाबांना सर्व वाचून दाखवले. मोटारसायकलची हवा शनिवारीच तपासून ठेवतो, असे ते म्हणाले.