शब्दचर्चा: युद्धखंडणी, भरपाई, दायित्व

मुद्रितशोधक:
कुवेतवरच्या आक्रमणाबद्दल इराकने पैसे दिले, त्यावरचा मजकूर तपासतोय. लेखकाने सरसकट 'युद्धखंडणी' लिहिलंय. शिवाय 'इराकची जबाबदारी' आणि 'इराकचे दायित्व' दोन्ही आलंय. एकच ठेवू का?

गोदाकाठ:
'युद्धखंडणी' काढाच. खंडणीचा आकडा जिंकणारा ठरवतो. १८७१ साली युद्ध जिंकलेल्या जर्मनीने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँक बसवले, ती खंडणी. कोणाचं काय गेलं याची यादी तिच्यामागे नव्हती. आणि आजच्या वाचकाला खंडणी म्हटलं की गुंड आणि पोलीस ठाणंच आठवतं.

पक्षकार:
सहमत. इराकच्या बाबतीत दाव्यागणिक हिशेब झाला. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ ने (एप्रिल १९९१) इराकला 'थेट' नुकसानीबद्दल दायी ठरवलं, आणि जिनिव्हातल्या भरपाई आयोगाने दाव्यांचे सहा गट पाडले. 'अ' गटात इराक किंवा कुवेत सोडावं लागलेल्या माणसाला ठोक २,५०० डॉलर, कुटुंबाला कमाल ५,०००. दुसऱ्या गटात दावा लावणार नाही असं मान्य केलं, तर ४,००० आणि ८,०००. पुरावा फक्त देश सोडल्याचा लागे, नुकसान किती झालं त्याचा नाही. बुडालेला पगार, घरसामान, बँकेतली ठेव यासाठी 'क' गट, एक लाख डॉलरपर्यंत. तिथे मात्र कागद लागत. अर्ज एकट्याने थेट करता येत नसे. तिथून परतलेल्या भारतीयांचे दावेही भारत सरकारमार्फतच गेले.

आता चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. 'इराकने केलेले नुकसान' असं लिहू नका. आयोगाच्या नियमाप्रमाणे २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात कोणत्याही बाजूच्या लष्करी कारवाईने झालेलं नुकसान 'थेट' धरलं गेलं. म्हणजे बॉम्ब इराकविरुद्ध लढणाऱ्या मित्रफौजांचा, बिल इराकच्या नावावर! उलट निव्वळ इराकवरच्या व्यापारबंदीमुळे बुडालेला धंदा 'थेट'मध्ये बसला नाही, आणि मित्रफौजांचा लष्करी खर्चही नाही. म्हणून 'आक्रमणामुळे व ताब्यामुळे झालेले थेट नुकसान' असंच लिहा, लांब वाटलं तरी.

मुद्रितशोधक:
लेखकाने 'इराकने ३५२ अब्ज डॉलर दिले' म्हटलंय, तेही तपासायला हवं मग.

पक्षकार:
साफ चूक. सुमारे ३५२.५ अब्ज ही दाव्यांची रक्कम. मंजूर झाले ५२.४ अब्ज. 'मागितले', 'मंजूर', 'अदा केले' ही तीन क्रियापदं कधी मिसळू देऊ नका. पैसा तेलाच्या उत्पन्नातून वळता व्हायचा, सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत, २००३ नंतर ५ टक्के. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला.

गोदाकाठ:
जबाबदारी आणि दायित्व दोन्ही ठेवा, पण जागा ठरवून. बेकायदा कृत्य कोणाच्या नावावर, ती जबाबदारी. त्यापोटी काय देणं लागतं, ते दायित्व. ताळेबंदात 'मत्ता व दायित्वे' लिहितो, तोच अर्थ.

आणखी एक शब्द हाताशी असू द्या: सानुग्रह. १९८८ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या वारसांसाठी ६.१८ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं, पण कायदेशीर दायित्व न स्वीकारता. तिथे 'भरपाई' लिहिलं की अमेरिकेने न दिलेली कबुली आपण देऊन टाकतो. 'सानुग्रह रक्कम' लिहा, मंत्रालयाच्या जीआरमुळे शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

मुद्रितशोधक:
आणि पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह? तिथे तरी खंडणी चालेल?

गोदाकाठ:
तहाच्या कलम २३१ मध्ये जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर नुकसानीची जबाबदारी टाकली होती, म्हणजे कागदावर भरपाईच. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरले आणि जर्मनांच्या लेखी ती खंडणी झाली. जर्मनांची बाजू सांगताना अवतरणात 'खंडणी' चालेल. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात 'युद्धभरपाई'.