मदत हवी आहे: एफएमसीजी एजन्सीसाठी डेटा वेअरहाऊस बांधायचं आहे

हिशेबी_पुतण्या

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझ्या काकांची एफएमसीजीची, म्हणजे रोजच्या वापराच्या मालाची, एजन्सी आहे. तीन कंपन्यांचा माल: एकीचे साबण-शाम्पू, दुसरीची बिस्किटं-फरसाण, तिसरीचे मसाले. मिरज, तासगाव, विटा आणि पार जत-आटपाडीपर्यंत गाड्या जातात. मी बी.कॉम. केलंय, एसक्यूएल बऱ्यापैकी येतं, पॉवर बीआय या रिपोर्ट काढायच्या टूलवर हात बसलाय. काकांनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे हा धागा काढतोय: जतची गाडी परवडते का?

ऐकायला सोपं वाटतं. पण डिझेल, ड्रायव्हर-हमालाचा पगार, अडकलेली उधारी आणि परत येणारा एक्सपायरी माल वजा जाता त्या बीटवर (गाडीच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) काय उरतं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. बिलं आणि उधारी टॅलीत. ऑर्डरी कंपन्यांच्या आपापल्या डीएमएसमध्ये (वितरकांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये), कारण सेल्समन त्यांच्याच मोबाइल ॲपवर ऑर्डर घेतात. गाडीचा खर्च ड्रायव्हरच्या वहीत. एखाद्या महिन्याची विक्री विचारली की तीन आकडे समोर येतात. डीएमएस ऑर्डरचा आकडा सांगतं, टॅली बिलाचा, आणि सेल्समनच्या इन्सेन्टिव्हच्या एक्सेलमध्ये परत आलेला माल वजाच केलेला नसतो. जो तो आपलाच आकडा खरा म्हणून भांडतो आणि शेवटी काका अंदाजाने ठरवतात. (त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो, हा भाग वेगळा.)

म्हणून सगळा डेटा एका ठिकाणी आणणारं वेअरहाऊस बांधायचंय. कागदावर त्याचा स्टार स्कीमा, म्हणजे टेबलांचा आराखडा, काढलाय. मधे विक्रीचा फॅक्ट टेबल (व्यवहारांचे आकडे), भोवती त्या आकड्यांची ओळख सांगणारी दुकान, माल, तारीख, सेल्समन आणि बीट अशी डायमेन्शन टेबलं. अडलंय ते इथे:

बीट बदलतात. कवठेमहांकाळची दुकानं जूनमध्ये मिरज बीटमधून काढून जतला जोडली. दुकानाच्या रेकॉर्डमध्ये नवी बीट टाकली की मागच्या वर्षीची विक्रीसुद्धा जतच्या नावावर जाते. नाही टाकली तर यंदा जत एकदम वाढलेली दिसते, आणि ती वाढ कुणीच कमावलेली नसते.

स्कीम. ‘बारावर एक’ असेल तर टॅलीत दोन ओळी पडतात, १२ नग दराने आणि १ नग शून्य दराने. डीएमएसमध्ये तेच १३ नग आणि समोर डिस्काउंट. फुकट गेलेल्या नगाचे पैसे कंपनी क्लेममधून देते, तेही कधी दोन-तीन महिन्यांनी. मग त्या बिलाचा नफा मोजायचा कसा?

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, फरसाण १२ वरून ५ वर. बिलाच्या एकूण रकमेवर तुलना केली तर धंदा बसल्यासारखा दिसतो. त्यात नव्या एमआरपीमुळे एकाच पुड्याचे टॅलीत दोन आयटम झालेत.

शिवाय टॅलीत कुणीही मागच्या तारखेचं बिल उघडून दुरुस्त करतं. काल काढलेला रिपोर्ट आज जुळत नाही.

वर्षाला बिलाच्या साधारण पाच लाख ओळी होतात. एका सल्लागाराने क्लाऊडवरचं मोठं वेअरहाऊस सुचवलंय. कोटेशन वाचून काकांनी नुसता चष्मा काढून ठेवला. साध्या पोस्टग्रेस डेटाबेसवर भागेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

घाटमाथा

टूलचा विषय आधी मिटवू. वर्षाला पाच लाख ओळी म्हणजे पोस्टग्रेसच्या खिजगणतीतही नाहीत. दहा वर्षांचा डेटा भरलात तरी ऑफिसातलं साधं मशीन पुरेल. फक्त बॅकअप रोज त्या मशीनच्या बाहेर गेला पाहिजे. सल्लागाराला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तुमच्या कागदावर एक गोष्ट मात्र दिसत नाही: विक्रीच्या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? वेअरहाऊस बांधायच्या राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत क्रम ठरलेला आहे. आधी व्यवहार निवडायचा, मग ग्रेन (एक ओळ म्हणजे काय ते) ठरवायचा, मग डायमेन्शन, आणि मोजायचे आकडे सगळ्यात शेवटी. ऑर्डर, बिल आणि परतावा हे तीन वेगळे व्यवहार आहेत, त्यांची तीन फॅक्ट टेबलं करा. ग्रेन तिन्हीकडे एकच ठेवा: कागदावरची एक ओळ, म्हणजे एका ऑर्डरीतला, बिलातला किंवा परताव्यातला एक आयटम. बिल नंबर त्या ओळीतच राहू द्या, त्याला वेगळं डायमेन्शन लागत नाही. दुकान, माल, तारीख, सेल्समन मात्र तिघांना सामाईक हवेत, अगदी तीच टेबलं. मग तीन आकड्यांचं भांडण उरत नाही. ऑर्डर किती आली, त्यातलं बिल किती झालं, त्यातलं परत किती आलं, असा सलग रिपोर्ट निघतो. जतच्या बाबतीत मला त्या तफावतीतच उत्तराचा निम्मा भाग दिसतोय.

इन्मन की किंबॉल, कुणाची पद्धत बरी, या वादात वेळ घालवू नका. सगळ्या संस्थेचा डेटा आधी नॉर्मलाइझ करून (एक माहिती एकाच जागी ठेवून) एकत्र आणायचा आणि मग विभागवार मार्ट (छोटी वेअरहाऊस) काढायचे, ही इन्मन यांची वाट बँकांना वगैरे ठीक. तुमच्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो काकांनी नेमका विचारलाय.

रानजाई

बीटबद्दल. दुकानाच्या डायमेन्शनमध्ये जुनं रेकॉर्ड खोडू नका. जुन्याला ‘पर्यंत’ची तारीख घालून बंद करा आणि नव्या बीटसह त्याच दुकानाचं दुसरं रेकॉर्ड नव्या सरोगेट कीने (वेअरहाऊसने स्वतः दिलेल्या क्रमांकाने) उघडा. बदल नोंदवायची टाइप २ पद्धत म्हणतात ती हीच. जुनी बिलं जुन्या कीला चिकटलेली राहतात, त्यामुळे इतिहास हलत नाही. पण तुमच्या प्रश्नाला एवढं पुरणार नाही. काकांना ‘आज ज्या दुकानांना जतची गाडी जाते, त्यांची गेल्या वर्षीची विक्री’ हवी असणार. म्हणून प्रत्येक रेकॉर्डवर ‘आजची बीट’ असा आणखी एक कॉलम ठेवा, तो मात्र दरवेळी सगळ्या रेकॉर्डांवर बदलायचा. दोन्ही प्रश्न सुटतात.

सगळ्याच बदलांना टाइप २ लावू नका. इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं, त्याने दुकान हललं नाही. तिथे सरळ नाव बदलून टाका. नाहीतर रिपोर्टमध्ये एका गावाची दोन गावं दिसतील.

जीएसटीसाठी करपात्र रक्कम, कर आणि एकूण असे तीन वेगळे कॉलम ठेवा आणि तुलना फक्त करपात्र रकमेवर करा. मालाच्या डायमेन्शनमध्ये वजनाचा कॉलमही घाला. काही कंपन्यांनी ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांची किंमत तीच ठेवून आतला माल वाढवला, तिथे नगांची तुलना फसवी ठरते. दोन आयटम झालेत ते राहू द्या, वर एक ‘मूळ माल’ कोड देऊन दोन्ही त्याखाली बांधा.

नाना_टॅलीवाले

पुतण्या, टॅलीचं मी सांगतो.

एक्सेल एक्सपोर्टच्या नादी लागू नकोस. टॅली चालू असताना ९००० पोर्टवर एक्सएमएल विनंती पाठवून व्हाउचर (बिलं वगैरे नोंदी) ओढता येतात. प्रत्येक व्हाउचरला जीयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) असतो आणि ऑल्टर आयडी असतो. व्हाउचर बदललं की ऑल्टर आयडी पुढे सरकतो. गेल्या वेळी ओढलेल्या सर्वांत मोठ्या ऑल्टर आयडीच्या पुढचं तेवढं मागायचं, म्हणजे मागच्या तारखेची दुरुस्तीही आपोआप हाती लागते.

मेख अशी की डिलीट केलेलं व्हाउचर यात येत नाही. ते नाहीसं झालं हे तुला कळणारच नाही. म्हणून वेअरहाऊसमधला चालू आणि मागचा महिना रोज रात्री पूर्ण पुसून नव्याने भर, आणि रोजची बेरीज टॅलीच्या सेल्स रजिस्टरशी ताडून बघ. रुपयाचा फरक आला तरी त्या रात्रीचा रिपोर्ट पुढे पाठवू नकोस. काकांचा विश्वास एकदा उडाला की तुझं वेअरहाऊस कुणी उघडणार नाही, परत वहीच निघेल.

आणि महिना संपला, जीएसटी रिटर्न भरलं, की तो महिना टॅलीत लॉक करायला लाव. हे काम सॉफ्टवेअरचं नाही, काकांचं आहे.

घाटमाथा

नानांना +१. स्कीम राहिली. विकलेले नग आणि फुकट नग असे दोन कॉलम करा. टॅलीच्या दोन ओळी भरतानाच एक करा आणि डीएमएसच्या १३ मधून १ वेगळा काढा. मालाची किंमत १३ नगांवर धरा, विक्री १२ वर. क्लेम वेगळ्या फॅक्ट टेबलात जाऊ द्या: स्कीम, महिना, मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम. तो बिलाच्या ओळींवर वाटायचा मोह टाळा. कंपनी किती क्लेम कापते हे काकांना कळलं तर जतच्या आधी दुसराच निर्णय होईल कदाचित.

शिल्लक स्टॉक आणि उधारी यांचं रोजचं किंवा महिनाअखेरचं चित्र घ्या. हे आकडे दुकानांवर (स्टॉक असेल तर मालावर) बेरजेत घेता येतात, दिवसांवर नाही. सोमवारची उधारी अधिक मंगळवारची उधारी याला काही अर्थ नसतो. पॉवर बीआय मात्र निमूट बेरीज करून दाखवतं.

रानजाई

तारखेच्या टेबलाकडे सगळे दुर्लक्ष करतात. एप्रिल-मार्चचं आर्थिक वर्ष असेलच, त्यात ‘लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस’ हा कॉलम घाला. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर. तुमच्या धंद्यात ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना म्हणजे निव्वळ दिशाभूल. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळी परत नोव्हेंबरात, त्यामुळे त्या वर्षीचा ऑक्टोबर आपटल्यासारखा दिसणार. सप्टेंबर २०२५ वरही खूण करा. दरकपात ३ तारखेला जाहीर झाली आणि २२ पासून लागू झाली, मधल्या दिवसांत बऱ्याच दुकानदारांनी माल उचलायचं लांबवलं होतं.

हिशेबी_पुतण्या

सगळ्यांचे मनापासून आभार, नाना तुमचे विशेष. ग्रेनचं वाचून रात्रीच कागद नव्याने काढला.

अजून दोन शंका. डिझेल बिलांवर वाटू का? आणि लहान दुकानांना जीएसटी नंबर नसतो, मग टॅलीतलं आणि डीएमएसमधलं दुकान एकच आहे हे ओळखायचं कशावरून? ‘महालक्ष्मी किराणा’ आमच्याकडे प्रत्येक तालुक्यात आहे.

घाटमाथा

डिझेल सध्या वाटू नका. ‘गाडीची एक फेरी’ या ग्रेनवर आणखी एक टेबल करा: तारीख, गाडी, बीट, किलोमीटर, डिझेल, पगार, भत्ता. ड्रायव्हरला मोबाइलवर चार रकान्यांचा फॉर्म द्या, वही त्याच्याकडे राहू द्या. बीट आणि दिवसावर हे टेबल विक्रीच्या शेजारी ठेवलं की जतचं उत्तर निघतं. पुढे कंपनीवार नफा हवा झाला तरच वाटा, आणि तोही रुपयांवर नको, पेट्यांच्या आकारमानावर. बिस्किटांच्या पेट्या अर्धी गाडी खातात, तेवढ्याच रकमेचा शाम्पू दोन खोक्यांत बसतो. रुपयांवर वाटलंत तर शाम्पू बिस्किटांचं डिझेल भरेल.

नाना_टॅलीवाले

दुकानं जुळवायला मोबाइल नंबर आणि गाव धर. निम्मी-अधिक त्यावरच जुळतील. उरलेल्यांची यादी बीटवार छापून त्या त्या सेल्समनला समोर बसव, पेनाने जोड्या लावून घे. ती जोड्यांची यादी वेगळ्या टेबलात ठेव, कोडमध्ये कुठेही लिहू नकोस. नवं दुकान उघडताना दोन्हीकडे एकच कोड टाकायची सवय आजपासूनच लाव. जतच्या सेल्समनला सगळ्यात आधी बोलाव, त्याची दुकानं नुकतीच बदललीत.