‘हंगामी साथ ओसरली’ : यातल्या दोन शब्दांविषयी

प्रश्न : साथरोगांच्या गणितावरचा एक मजकूर मराठीत लिहितो आहे. ‘हंगामी साथ ओसरली’ असं वाक्य लिहिलं आणि तिथंच अडलो. ‘हंगामी’ म्हणजे ठरावीक हंगामात येणारी, की ‘हंगामी अध्यक्षां’सारखी तात्पुरती? शिवाय ‘मॉडेल’साठी ‘प्रारूप’ वापरावं का?

उत्तर : ‘प्रारूप’ नको. ‘प्रारूप आराखडा’, ‘प्रारूप यादी’ अशा वापरातून त्याला कच्च्या मसुद्याचा अर्थ चिकटलाय. ‘प्रतिमान’ लिहा, नाहीतर सरळ ‘गणिती मॉडेल’, दोन्ही कळतात.

‘हंगामी’त संदिग्धता आहे हे खरं, तरीही मी तो शब्द सोडणार नाही. पर्याय म्हणून ‘ऋतुजन्य’ सुचवला जातो, पण ऋतू म्हणजे ऊन, पाऊस, थंडी. हंगाम पिकाचा असतो तसा लग्नाचा, परीक्षांचाही असतो; माणसांच्या उठबशीशीही तो शब्द जोडलेला आहे. साथीच्या गणिताला हे दोन्ही लागतं. फ्लूचा जोर समशीतोष्ण देशांत हिवाळ्यात वाढतो, तिथं ऋतू म्हटलं तरी चालेल. गोवराचं तसं नाही. शाळा सुरू झाल्या की मुलं एकत्र येतात आणि संसर्गाचा दर चढतो, सुट्टी लागली की उतरतो. प्रतिमानात हा दर स्थिर न धरता वर्षभर वरखाली होणारा धरतात. त्या चढउताराला ‘हंगामी’च म्हणावं लागेल.

मात्र दर हंगामी असला म्हणून साथही दरवर्षी येईलच असं नाही. लस येण्यापूर्वी इंग्लंडच्या मोठ्या शहरांत गोवराची मोठी साथ एक वर्षाआड येत असे. शाळा दरवर्षी भरायच्या, पण मोठ्या साथीत लागण होऊ शकणाऱ्यांपैकी बऱ्याच मुलांना गोवर होऊन जाई. नवी मुलं जन्मून ती संख्या पुन्हा भरून यायला वेळ लागे, तोवर पुढच्या वर्षीचा शाळेचा हंगाम थोडक्यात निभावून जाई. म्हणून ‘हंगामी’ हे विशेषण दराला लावा. साथीबद्दल बोलताना ती किती वर्षांनी येते ते शब्दांत सांगा. ‘तात्पुरती’ या अर्थाचा घोळ त्यानं आपोआप टळतो.

आता ‘ओसरणे’. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत, पण माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे. पूर ओसरतो, गर्दी ओसरते. का ओसरली हे तो शब्द सांगत नाही, आणि साथीच्या गणितात सगळा प्रश्न त्या ‘का’चाच आहे.

साथरोगांचं गणित मांडणारे संशोधक कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक यांचा १९२७ चा प्रसिद्ध निबंध घ्या. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि खेळातून बाहेर पडलेले असे गट पाडून साथीचं गणित मांडण्याची पद्धत त्या निबंधानं रूढ केली. उदाहरण म्हणून त्यांनी घेतली मुंबई बेटावरची प्लेगची साथ, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. आठवड्यागणिक मृत्यूंचे आकडे आणि त्यांवर बसवलेला घंटेच्या आकाराचा वक्र. सूत्रानुसार शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचं. वक्र इतका नेमका बसला की आजही तो आवर्जून दाखवला जातो.

त्या प्रतिमानात साथ उतरते ती लागण होऊ शकणारे कमी झाल्यामुळे, वणव्याचं सरपण संपावं तशी. पण त्याच सूत्रातून साथीतले एकूण मृत्यू निघतात सुमारे ८,९००, आणि १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७ लाखांच्या वर. एवढ्या शहरात माणसं ‘संपली’ कशी? शिवाय १८९६ पासून प्लेग तिथं वर्षामागून वर्ष थंडीच्या सुमारास वाढायचा आणि उन्हाळा तापला की खाली यायचा. उष्ण, कोरड्या हवेत प्लेग पसरवणाऱ्या, उंदरांवरच्या पिसवा फार जगत नाहीत. उंदीर मरून कमी होत हेही खरं, आणि माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची छाया आहे हे त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्यांच्या सूत्रात हंगामाला जागाच नव्हती. २०१२ मध्ये गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी त्याच आकडेवारीवर हंगामासकट गणित पुन्हा मांडलं, ते याच कारणानं.

म्हणून मी दोन क्रियापदं वेगळी ठेवतो. सरपण संपून साथ थांबली तर ‘विझली’. हंगाम पालटल्यानं दर खाली आला आणि लागण होऊ शकणारे अजून शिल्लक असतील तर ‘दबली’. दबलेली साथ पुढच्या हंगामात पुन्हा उठते. विझलेलीला आधी नवं सरपण साठावं लागतं. कारण ठाऊक नसेल तेव्हा ‘ओसरली’ अगदी योग्य.

शंका : पटलं. पण ‘खेळातून बाहेर पडलेले’ हे लांबलचक होतं. मी त्या गटाला ‘बरे झालेले’ लिहिलंय.

उत्तर : ते मात्र बदला, कळकळीनं सांगतो. मुंबईच्या त्या आकडेवारीत नोंदलेल्या रुग्णांपैकी निदान ८० ते ९० टक्के दगावत होते, आणि म्हणूनच मृत्यूंचा आकडा या गटात पडणारी भर म्हणून वापरता आला. तिथं ‘बरे झालेले’ लिहिणं म्हणजे मेलेल्यांना बरं झालेलं म्हणणं. गोवराला, फ्लूला ‘बरे झालेले’ बहुतांशी चालेल. प्लेगला ‘बाजूला झालेले’ लिहा. मूळ इंग्रजी ‘removed’ या शब्दाचा अर्थ तोच आहे आणि लांबीही आटोपशीर. तसंच लागण होऊ शकणाऱ्यांना ‘संसर्गक्षम’ म्हणू नका. रोग देऊ शकणारा की घेऊ शकणारा, हे त्यातून कळत नाही. ‘बाधाप्रवण’ जरा जड आहे, पण त्याची दिशा चुकत नाही.